तारकर्लीत डुबकी झाली, आता थेट बोनेर?

मागच्या अंकात बोनेरबद्दल लिहिलं होतं. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवरचं छोटंसं डच बेट, जिथे रस्त्याच्या कडेला गाडी लावून टाकी पाठीवर घेऊन सरळ समुद्रात चालत जायचं आणि डाइव्ह करायची. त्यावर इतके मेल आले की हा अख्खा अंक त्यातच संपणार आहे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रं कापून लहान केलीत, नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

ठाण्याहून एक वाचक: ताई, आम्ही नवरा-बायकोने दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीत स्कूबा केलं, व्हिडीओ पण आहे, खूप भारी वाटलं. आता लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला बोनेरला जायचा विचार आहे. मालवणला जे सर्टिफिकेट दिलं त्याच्यावर तिथे डाइव्ह करू देतील ना?

नाही देणार. वाईट वाटून घेऊ नका पण तो कागद म्हणजे आठवण आहे, लायसन्स नाही. तारकर्लीला किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जे होतं ते ट्राय डाइव्ह, त्यात तुमच्या टाकीचा वरचा भाग इन्स्ट्रक्टरच्या हातात असतो, तुम्हाला खाली नेणं, वर आणणं, जॅकेटमध्ये हवा भरणं सोडणं सगळं तो करतो, तुम्ही फक्त तोंडाने श्वास घेता आणि माशांना बघून अंगठा वर करता (जो खरं तर करायचा नसतो, कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'). मजा येते, त्यात खोटं काही नाही. पण बोनेरला जी सुट्टी मी म्हणतेय ती म्हणजे तुम्ही दोघंच, गाईड नाही, स्वतःची हवा स्वतः बघायची, किती खोल गेलो किती वेळ झाला ते स्वतः बघायचं, आणि परत त्याच जागी किनाऱ्याला लागायचं. त्यासाठी ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं खरं सर्टिफिकेट देणारा कोर्स, हवाच.

बोनेरलाही हा कोर्स होतो, ट्राय डाइव्ह पण मिळते. पण एवढे पैसे खर्चून एवढ्या लांब जाऊन पहिले तीन-चार दिवस स्विमिंग पूलमध्ये मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात घालवायचे, मला तरी पटत नाही. इथेच करा. थिअरी आता ऑनलाइन होते, पूलचं ट्रेनिंग मुंबई-पुण्यात होतं आणि मग समुद्रातल्या चार डाइव्ह अंदमानला, मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा तारकर्लीत एमटीडीसीची जी स्कूबाची संस्था आहे तिथे. फक्त पावसाळा धरू नका, जून ते सप्टेंबर आपला पश्चिम किनारा डायव्हिंगला बंद असतो. आणि जमलं तर त्यालाच जोडून अ‍ॅडव्हान्स्डही करून टाका. ओपन वॉटरवर १८ मीटरची मर्यादा, अ‍ॅडव्हान्स्डवर ३०. बोनेरला बघण्यासारखं बरंच काही १८ च्या आतच आहे, अ‍ॅडव्हान्स्ड मी सांगतेय ते खोलीसाठी नाही तर त्यात होकायंत्र धरून दिशा ठेवायला शिकवतात म्हणून. ते का लागतं ते पुढच्या उत्तरात येईलच.

पुण्याहून एक वाचक: गाईडशिवाय समुद्रात उतरायचं हे वाचून बायकोने प्लॅनच कॅन्सल केलाय. हे सेफ आहे का? नक्की कसं करतात ते जरा नीट सांगा.

वहिनींना हे उत्तर वाचायला द्या.

बोनेरचा पश्चिम किनारा वाऱ्याच्या आडोशाला आहे. वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटत असतात आणि पश्चिमेला पाणी शांत. रीफ, म्हणजे कोरलची (प्रवाळाची) रांग, अगदी किनाऱ्याला चिकटून आहे, थोडंसं पोहलं की वाळूचा उथळ भाग संपतो आणि साधारण दहा मीटर खोलीवर उतार सुरू होतो, तीच रीफ. म्हणून बोट लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेत, त्यावर डाइव्ह साइटचं नाव लिहिलेलं असतं, तो दगड दिसला की गाडी थांबवायची. अशा नाव दिलेल्या साइट ८० च्या वर आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त किनाऱ्यावरून करता येतात, बाकीच्या बहुतेक समोरच्या क्लाइन बोनेर या निर्मनुष्य बेटाभोवती, तिथे बोटीने.

आता पद्धत. पोचल्यावर पहिल्यांदा मरीन पार्कची फी ऑनलाइन भरायची, ४० डॉलर, वर्षभर चालते. मग ज्या डाइव्ह शॉपकडून टाक्या घेणार त्यांच्याकडे नियमांचं ब्रीफिंग ऐकायचं आणि त्यांच्याच समोरच्या पाण्यात एक चेक डाइव्ह करायची, हे सगळ्यांना सक्तीचं, तुम्ही शंभर डाइव्ह केलेल्या असल्या तरी. त्यानंतर पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा (बहुतेक गिअरवाले असतात आणि रस्त्याची उजवी बाजू, हे डोक्यात ठेवा), मागे टाक्या टाकायच्या आणि निघायचं. बऱ्याच ठिकाणी सहा दिवसांचं अनलिमिटेड टाक्यांचं पॅकेज असतं, रिकामी टाकी ठेवायची भरलेली उचलायची, निट्रॉक्सचं (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचं) सर्टिफिकेट असेल तर कितीतरी शॉप तेही त्याच पैशात देतात.

डाइव्हमधला अवघड भाग कुठला विचाराल तर पहिली दहा पावलं. पाण्याखालचं नंतर सोपं आहे. किनारा वाळूचा नाहीये, जुन्या मेलेल्या कोरलचा खडक आहे, धारदार, मध्ये खड्डे, त्यावर ओल्या शेवाळाचा थर, आणि पायाखाली सुटे तुकडे खडखड वाजत सरकतात, आणि तुमच्या पाठीवर टाकी आणि कमरेला शिसं. म्हणून जाड तळाचे बूट लागतात आणि मागे पट्टा असलेले फिन्स, अंदमानला देतात तसे पावलात घालायचे रबरी फिन्स इथे चालणार नाहीत. जॅकेटमध्ये आधीच हवा भरायची, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारी नळी) तोंडात, फिन्स एका हातात, दुसऱ्या हाताने बडीचा, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराचा, हात धरायचा, लाट येते तेव्हा थांबायचं, गेली की पाऊल टाकायचं. कमरेएवढं पाणी झालं की तरंगत फिन्स घालायचे. बाहेर येताना उलट, आणि लाट अंगावर आली तर उभं राहायचा हट्ट न करता सरळ गुडघ्यावर येऊन रांगत या, तिथे कुणी हसत नाही, सगळे तसेच येतात.

पाण्यात गेल्यावर आधी प्रवाह कुठे आहे बघायचं. साइटवर पिवळा बोया (बोट बांधायचा तरंगता गोळा) असतो, बोट बांधलेली असेल तर तिचं तोंड कुठे आहे ते बघा, नसेल तर दोरीवरचं शेवाळ कुठे झुकलंय ते. प्रवाहाच्या विरुद्ध निघायचं म्हणजे दमलेले असताना परतीला प्रवाह मदतीला येतो. टाकीत २०० बार (हवेच्या दाबाचं माप) असतील तर साधारण १३० ला वळा, परत येताना उथळ भागातून या. कुठल्या जागी उतारावरून खाली आलात तिथली खूण लक्षात ठेवा, एखादा मोठा स्पंज, पडकं नांगर, काहीही, कारण खालून सगळी रीफ सारखीच दिसते आणि चुकीच्या ठिकाणी वर आलात की टाकी घेऊन उन्हात रस्त्याने चालत ट्रकपर्यंत यायचं.

ट्रकमध्ये काही म्हणजे काही ठेवायचं नाही. काचा खाली, दारं उघडी, रिकामी गाडी. गाड्यांतून वस्तू जातात हे बेटावर सगळ्यांना माहीत आहे, डाइव्ह शॉपवाले स्वतःच सांगतात. पासपोर्ट, फोन, पाकीट खोलीवर ठेवा.

आणि एक, उत्तरेला 'थाउजंड स्टेप्स' पासून 'कारपाटा' कडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता एकेरी आहे. एखादा दगड हुकला तर मागे वळता येत नाही, पार रिंकोन गावातून वळसा घालून यावं लागतं. त्यामुळे आधी ठरवून निघा. (पायऱ्या हजार नाहीत, सत्तरेक असतील, पण टाकी घेऊन वर चढताना मोजायच्या भानगडीत पडू नका.)

आता सेफ आहे का. कोर्स नीट केलेला असेल, बडीजवळ राहत असाल आणि पूर्व किनाऱ्याच्या वाटेला जाणार नसाल तर कुठल्याही डायव्हिंगइतकंच. बेटावर डीकम्प्रेशन चेंबर (घाईने वर आल्यामुळे होणाऱ्या त्रासावर दाबाखाली उपचार करायची खोली) आहे. डायव्हिंगचा विमा वेगळा घ्या, आपल्या नेहमीच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा सहसा वगळलेलं असतं, बारीक अक्षरं वाचा. आणि तरीही वहिनींना नको असेल तर गाईड घेऊन बोटीने करा, त्यात कमीपणा काही नाही.

नाशिकहून एक निवृत्त वाचक: माझं वय ६२. मुलगी-जावई न्यूजर्सीला असतात, ग्रीनकार्ड आहे. तेच म्हणतायत की बाबा चला. मला बीपीची गोळी चालू आहे. मला जमेल का, आणि व्हिसाचं काय?

काका, वयाची वरची मर्यादा नाही, प्रश्न तब्येतीचा असतो. कोर्सच्या आधी एक मेडिकल फॉर्म भरायला देतात, हो-नाही असे प्रश्न असतात, त्यात कुठे 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. गोळीने बीपी आटोक्यात असेल तर बरेच डॉक्टर सही देतात, पण ती सही फॅमिली डॉक्टरकडून उभ्या उभ्या घेऊ नका, हृदयाची तपासणी करून घ्या, स्ट्रेस टेस्ट वगैरे. कारण पाण्यात अचानक प्रवाहाविरुद्ध पोहायची वेळ आली तर हृदयावर जो ताण येतो तो सकाळच्या वॉकला येत नाही. दमा असेल, छातीचं ऑपरेशन झालं असेल तर ते लपवू नका. लोक फॉर्मवर सगळीकडे 'नाही' ठोकून मोकळे होतात हे मला माहीत आहे.

तुम्हाला मी किनाऱ्यावरून न जाता बोटीने जा असं सांगेन. त्या खडकावरून टाकी घेऊन चालणं गुडघ्यांना सोसवत नाही, बोटीवरून फक्त बसल्या जागी मागे कलंडायचं आणि परत येताना टाकी पाण्यातच काढून द्यायची.

व्हिसा: बोनेर २०१० पासून थेट नेदरलँड्सचा भाग आहे, खास दर्जाची नगरपालिका म्हणून, पण शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसाच्या गटात) नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी कॅरिबियनचा डच व्हिसा वेगळा असतो. ग्रीनकार्डवाल्या मुलगी-जावयाला सहसा तो लागत नाही, तुम्हाला मात्र डच वकिलातीच्या वेबसाइटवर तुमच्याकडे असलेला व्हिसा टाकून तपासावं लागेल आणि हे तिकिटाच्या आधी करायचं, नंतर नाही. अमेरिकेतून मायामी, अटलांटा अशा शहरांतून सरळ विमानं आहेत, युरोपातून जायचं तर अ‍ॅमस्टरडॅमहून. अमेरिकेतून जाऊन परत न्यूजर्सीलाच येणार असाल तर तुमचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना तेही बघा. बेटावर उतरताना परदेशी माणसाला ७५ डॉलरचा प्रवेश कर आहे, तो मरीन पार्कच्या फीपेक्षा वेगळा, निघण्याआधीच ऑनलाइन भरून ठेवला की रांग टळते. चलन डॉलरच आहे, युरो नाही, याचं बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

कोल्हापूरहून एक कॉलेजची विद्यार्थिनी: पूलमध्ये तीन मीटरवरच माझे कान इतके दुखले की मी कोर्स सोडला. माझे कानच खराब आहेत का? आणि खरं सांगा, शार्क असतात का तिथे?

तुझे कान खराब असण्यापेक्षा तू उशिरा सुरुवात केलीस ही शक्यता जास्त आहे. वरच्या पहिल्या दहा मीटरमध्येच दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो, पृष्ठभागावर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, म्हणजे दुप्पट, आणि नंतरच्या दहात फक्त दीडपट. त्यामुळे पहिल्या तीन मीटरमध्ये जो त्रास होतो तो पुढे होत नाही. दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकायचं नसतं, दुखायच्या आधी, डोकं पाण्याखाली जायच्या आधीच एकदा, आणि मग खाली जाताना दर हाताभर अंतरावर, हळूच. डोकं वर आणि पाय खाली ठेवून दोरी धरून उतर. अडलं तर जोर लावू नकोस, अर्धा मीटर वर ये, परत कर. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही, आणि सर्दीची गोळी खाऊन तर मुळीच नाही, गोळीचा असर खालीच संपला तर वर येताना हवा अडकते. एकदा कान-नाक-घसावाल्यांना दाखवून ये आणि कोर्स परत सुरू कर. जिथे सोडला तिथेच करायला हवा असंही नाही, इन्स्ट्रक्टर घाई करत असेल तर दुसरा बघ.

शार्क. बोनेरला क्वचितच दिसतात, दिसला तर लोक आठवडाभर त्याच्याच गोष्टी सांगतात. तुला दचकवणारा मासा वेगळाच आहे, टार्पन. माणसाच्या उंचीइतका, चांदीच्या पत्र्यासारखा चकचकीत. रात्रीच्या डाइव्हला हे टार्पन तुझ्या मागून येतात, अगदी खांद्याला लागून, कारण त्यांना कळलंय की डायव्हर टॉर्च मारतो आणि टॉर्चच्या उजेडात छोटे मासे भांबावतात. तू सहज एखाद्या माशावर उजेड धरतेस आणि काळोखातून हे धूड तुझ्या काखेखालून सुसाट जाऊन तो मासा गिळतं. तुला काही करत नाही. पण ब्रीफिंगमध्ये हे कुणी सांगितलेलं नसेल तर अर्धी टाकी तिथेच संपते. आणि छान दिसलेल्या माशावर टॉर्च रोखून धरू नये, त्याचा मृत्यू आपल्या हाताने होतो.

रात्रीचंच अजून एक, पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवसांनी, सूर्य मावळल्यावर साधारण पाऊण तासाने आणि चंद्र उगवायच्या आत पाण्यात जायचं आणि टॉर्च बंद करायचा. ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे जीव मादीला बोलावायला निळा उजेड सोडत वर जातात, एक ठिपका, त्याच्या वर दुसरा, वर तिसरा, अशा उभ्या माळा सगळीकडे. तारीख जुळत असेल तर हे चुकवू नकोस, बाकी एखादी डाइव्ह कमी झाली तरी चालेल.

बोरिवलीहून एक वाचक: आम्ही शुद्ध शाकाहारी. मिस्टर डायव्हिंग करतात, मला पोहता येत नाही. आठ दिवस मी तिथे काय करू आणि काय खाऊ?

खाण्याचं आधी. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, बोनेरला तशा भरपूर मिळतात कारण डायव्हर लोक हॉटेलात जेवत बसत नाहीत. मोठ्या सुपरमार्केटमध्ये डच माल असतो, चीज, दही, ब्रेड, भाज्या बऱ्यापैकी, पण बेटावर फारसं पिकत नाही, सगळं बोटीने येतं त्यामुळे महाग, आणि बोट यायच्या आदल्या दिवशी पालेभाजी शोधू नका. डाळ, मसाले, पोहे, लोणचं घरून. स्थानिक जेवण म्हणजे बकऱ्याचा रस्सा, मासे आणि इग्वानाचं सूप, तुमच्या कामाचं नाही. फुंची मात्र खाता येते, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, फक्त ती कशात शिजवली ते विचारून घ्या. सुरिनामी रोटी कुठे मिळाली तर बघा, सुरिनामला १८७३ पासून आपल्याकडून उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर नेले गेले, त्यांच्या घरातली ती रोटी डच बेटांवर पोचली. आत बटाटा-बरबटी घालून मागा, नाहीतर चिकन येईल.

आता काय करायचं. दक्षिणेचा रस्ता एक अख्खा दिवस घेतो. मिठागरं आहेत, पाणी अक्षरशः गुलाबी आणि पलीकडे मिठाचे पांढरे ढीग, पेकेलमीर या खाऱ्या तळ्यावर लांबून फ्लेमिंगो दिसतात (दुर्बीण न्या, जवळ जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे). त्याच रस्त्यावर समुद्राकडे तोंड करून दगडी खोपट्यांची रांग लागते. १८५० मध्ये मिठागरात राबणाऱ्या गुलामांना रात्री झोपायला बांधलेली, दारातून आत जायचं तर रांगत जावं लागतं, उभं राहता येत नाही. त्यांची कुटुंबं रिंकोनला, आठवड्याच्या शेवटी चालत जायचं तर सात तास. डच कॅरिबियनमधली गुलामी १८६३ ला संपली. बहुतेक डायव्हर तिथे गाडी लावतात, शेजारच्या साइटवर डाइव्ह मारतात आणि खोपट्याच्या सावलीत सँडविच खाऊन निघतात. तुम्ही जरा थांबा.

उत्तरेला वॉशिंग्टन स्लागबाय नॅशनल पार्क, निवडुंगाचं रान, पोपट, ब्रांडारिसची टेकडी २४१ मीटर, पहाटे चढा. गाढवं रस्त्यावर मोकळी फिरतात, त्यांच्यासाठी आश्रयस्थानही आहे. पूर्वेला लाक बे खाडी कमरेएवढ्या पाण्याची, पोहता न येणाऱ्यालाही तिथे मजेत डुंबता येतं. लाइफ जॅकेट घालून मास्क लावून नुसतं तोंड पाण्यात घातलंत तरी पॅरटफिश दिसतील. सिग्नल पूर्ण बेटावर एकही नाही, त्यामुळे मिस्टर पाण्यात असताना गाडी तुम्ही घ्या. 'बोन दिया' आणि 'दांकी' एवढी पापियामेंतू, म्हणजे तिथली भाषा, पुरते, इंग्रजी सगळ्यांना येतं.

पणजीहून एक वाचक: तुमचा लेख वाचून वाटलं की तिथे स्वर्गच आहे. कॅरिबियनमधलं कोरल मरतंय हे तुम्ही का लिहिलं नाही? आणि अजून पर्यटक पाठवून तुम्ही त्यात भरच घालत नाही का?

प्रश्न रास्त आहे.

बोनेरने सुरुवात लवकर केली हे खरं. मरीन पार्क १९७९ पासून आहे, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत अख्ख्या बेटाभोवतीचं पाणी त्यात येतं, स्टिनापा नावाची संस्था ते बघते. रीफवर नांगर टाकायचा नाही, भाल्याने मासे मारायचे नाहीत, काही उचलायचं नाही, हातमोजे घालायचे नाहीत. हातमोज्यांचा नियम मला फार आवडतो, हात उघडा असला की माणूस कोरलला धरत नाही. बेट कोरडं, नद्या नाहीत त्यामुळे गाळ येत नाही आणि पाणी स्वच्छ राहतं, हा नशिबाचा भाग. त्यामुळे आजूबाजूच्या कितीतरी बेटांपेक्षा इथली रीफ चांगली टिकली.

पण २०२३ मध्ये दोन गोष्टी एका पाठोपाठ आल्या. कोरलचा एक रोग जो २०१४ मध्ये फ्लोरिडाला पहिल्यांदा दिसला, तो बोनेरला पोचला. यात कोरलचं जिवंत आवरण अक्षरशः गळून जातं, मेंदूच्या आकाराचं शंभर वर्षांचं कोरल काही आठवड्यांत पांढरं हाडूक. आणि त्याच वर्षी पाणी इतकं तापलं की ब्लीचिंग झालं, म्हणजे कोरल रंग जाऊन पांढरं पडलं. आज तिथे जाल तर मोठी मेलेली कोरल दिसणार, त्यावर शेवाळ धरलेलं दिसणार. मासे अजूनही भरपूर आहेत, स्पंज आहेत, कासवं आहेत. पण २०१५ चे फोटो बघून जाणार असाल तर तुमची निराशा होईल, हे मागच्या लेखात असायला हवं होतं असं तुम्ही म्हणताय ते मला मान्य.

पर्यटक पाठवू नये का? पार्क चालतं ते त्या ४० डॉलरवर. कोरलच्या फांद्या फायबरच्या झाडांवर वाढवून परत रीफवर लावायचं काम तिथे चालतं, त्यातही डायव्हर लागतात. माझं म्हणणं एवढंच की ज्याला पाण्यात स्थिर तरंगता येत नाही त्याने रीफजवळ जाऊ नये, आणि म्हणूनच वर ठाण्याच्या दांपत्याला मी इतकं पिडलं. फिनचा एक फटका पुरतो. सामान प्रत्येक दिवशी शॉपवर ठेवलेल्या जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवा, रोग सामानावरून पसरायला नको. सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असेल तर ते न्यायचंच नाही, बेटावर त्यावर बंदी आहे. त्यापेक्षा लांब बाह्यांचा रॅशगार्ड घाला.

आणि गंमत बघा, तिथे सगळ्यात नकोसा झालेला लायनफिश हा आपल्याकडचा आहे, हिंद आणि प्रशांत महासागरातला. अटलांटिकमध्ये तो माणसामुळे शिरला, बोनेरला २००९ मध्ये पहिल्यांदा दिसला, त्याला खाणारं तिथे फारसं कुणी नाही आणि तो मात्र रीफवरची पिल्लं फस्त करतो. भाल्याची बंदी असूनही याच्यापुरती, ट्रेनिंग घेतलेल्यांना, सूट दिलेली आहे. तुमच्या गोव्याच्या ग्रँड आयलंडला तोच मासा बघून लोक खूश होतात.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: कधी जावं? वादळं कधी असतात? आणि बुडालेलं जहाज बघायला मिळतं असं ऐकलं.

कधीही जा, बोनेर चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे. अगदी कधीच फटका बसत नाही असं नाही, लांबच्या वादळामुळे वारा फिरून पश्चिमेला लाटा येतात तेव्हा दोन-चार दिवस डायव्हिंग बंद पडतं. पाणी २६ ते २९ अंश, पातळ वेटसूट पुरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरला पौर्णिमेनंतर आठवड्याने कोरल अंडी सोडतात, ते जमलं तर नशीब.

जहाज आहे, हिल्मा हूकर. १९८४ मध्ये बिघाड झाला म्हणून बेटाच्या मुख्य गावाच्या, क्रालेन्डाइकच्या धक्क्याला लागलं, झडती घेतली तर खोट्या भिंतीमागे टनावारी गांजा सापडला. मालक म्हणून कुणी पुढे येईना, जहाजात पाणी शिरत होतं, धक्क्यालाच बुडेल म्हणून ओढून लांब नेऊन ठेवलं आणि १२ सप्टेंबरला ते बुडालं. दोन रीफच्या मधल्या वाळूत उजव्या कुशीवर आडवं पडलंय, तळ ३० मीटरला, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड हवं. आत शिरू नका, ते वेगळं ट्रेनिंग आहे. खरं सांगू, मला त्याच्यापेक्षा सॉल्ट पिअर जास्त आवडतो. मिठाची जहाजं भरायचा धक्का, त्याच्या खांबांना स्पंज आणि कोरल लगडलेलं, खांबांच्या मधून माशांचे थवे आणि वरून उन्हाच्या तिरीपा, खोलीही जेमतेम. मात्र जहाज लागलेलं असेल त्या दिवशी तिथे डाइव्ह करता येत नाही, गाडीतूनच दिसतं, पुढे जायचं.

शेवटचा दिवस कोरडा ठेवा. रोज दोन-तीन डाइव्ह करत असाल तर विमानाआधी किमान १८ तास, मी तर २४ सांगते. दक्षिणेची सफर त्या दिवशी करा.

साताऱ्याहून एक वाचक: मुलगा दहा वर्षांचा आहे, पट्टीचा पोहणारा. त्याला कोर्स करता येईल का?

दहापासून ज्युनियर ओपन वॉटर करता येतं, १२ मीटरपर्यंत आणि सोबत आई-वडिलांपैकी सर्टिफाइड असलेलं कुणी किंवा इन्स्ट्रक्टर हवाच. पण पट्टीचा पोहणारा आहे म्हणून लगेच टाकू नका. तो घाबरला तर सांगतो का, दुखलं तर थांबतो का, सूचना एकदा सांगून ऐकतो का, हे तुम्हालाच माहीत. तुमच्याकडे बघून 'हो हो मजा येतेय' म्हणणारं पोर असेल तर दोन वर्षं स्नॉर्केलिंग करू दे, काही बिघडत नाही. बाकी सामान भाड्याने चालेल पण मास्क त्याचा स्वतःचा घ्या, मोठ्यांचा मास्क लहान चेहऱ्याला गळतो आणि मग सगळा वेळ त्यातच जातो. दुकानात पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचे. चिकटून राहिला तर तो त्याचा, पडला तर दुसरा बघा.